खळ्याची जागा

तांबरमजवळच्या तळ्याचं पाणी कन्नियप्पननी वर्षानुवर्षं शेतांना वाटून दिलं होतं. पुढे तळं बुजवलं, शेतांवर इमारती उभ्या राहिल्या. आज त्यांची लेक पूंगोदै त्यांना पसंत केलेलं तळमजल्याचं घर दाखवत होती.

"इथे मी गुडघाभर पाण्यात उभा राहायचो," ते म्हणाले.

"अप्पा, चाळीस वर्षं झाली! तळं आता फक्त तुमच्या डोक्यात उरलंय."

"असू दे. पोरं इथेच जमिनीवर झोपणार ना? आपलं भात झोडायचं खळं उंचावर होतं, तिकडे बघ."

"तिथे दवाखाना आहे."

"मग शेजारी बघ."

पूंगोदै चिडलीच. पण दाराशी ताटकळलेल्या दलालाला तिने विचारलं, "दवाखान्याजवळ काही आहे का हो?"