न पोहणाऱ्यांची मच्छीमार सोसायटी

आमच्या मच्छीमार सोसायटीतल्या एकालाही पोहता येत नव्हतं. हे मी चेष्टेनं सांगत नाही. चेष्टा करायला गाव होतंच. पारावर बसलेला कुणीतरी आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हमखास विचारायचा की चेअरमन, पाण्यात कधी उतरताय? आण्णा हसून पुढं जायचे. माझ्या मात्र अंगाची आग व्हायची. गावातली पोरं विहिरीत पोहायला शिकायची, पाठीला रिकामा डबा बांधून. आण्णांच्या पिढीला, आम्हा बौद्धवाड्यातल्यांना, त्या विहिरीच्या काठावर तरी कुणी उभं राहू दिलं होतं का? मग पोहणं येणार कुठून, आभाळातून पडणार?

तरीही सोसायटी झाली आणि डोंगरापलीकडचा तलाव आम्हाला मिळाला. माशांचं बीज आम्ही सोडायचो आणि मासे धरायला दरवर्षी बाहेरचे भोई त्यांची होडी घेऊन यायचे. त्या दुष्काळी साली ते आलेच नाहीत. आमची कर्ती माणसं कोयते घेऊन ऊसतोडीला गेलेली. वाड्यात उरले होते म्हातारेकोतारे, आण्णा, माझा धाकटा चुलता आणि बीडच्या कॉलेजातून सुट्टीला आलेली मी. तलावावर दिवसरात्र टँकर लागलेले, चोरून मोटारी चालू. ऊन वाढलं की मासे मरून वर येणार आणि सगळ्या वाड्याची वर्षभराची आशा काठावर कुजणार, हे दिसतच होतं.

आण्णांनी यावर काहील शोधून काढली. काहील म्हणजे गूळ आटवायची लोखंडी कढई, परातीसारखी रुंद, काठाला धरायला कड्या. ऊसच वाळून गेल्यामुळे आमच्या शिवारातलं गुऱ्हाळ बंद होतं, म्हणून मालकानं लहानातली एक काहील वापरायला दिली. काहिलीत बसून लोक धरणाचं पाणी ओलांडतात हे आण्णांनी पाहिलेलं होतं. नुसतं पाहिलेलं. वल्हं म्हणून आईचं कपड्याचं धोपाटणं आणि एक फळी घेतली, आणि सोबत सोसायटीचं जाळं.

गाडीरस्ता चौसाळ्याकडून वळसा घालून जायचा, आणि ट्रॅक्टर सगळे कारखान्याला ऊस ओढायला गेलेले. म्हणून आम्ही तिघांनी काहील पालथी डोक्यावर घेतली आणि खिंडीची वाट धरली. आतून काही दिसायचं नाही, फक्त पुढच्याचे पाय. लोखंड असं तापलं की चुंबळीतूनही टाळू भाजायची. मी सारखी बडबडत होते की मासे गेले उडत, आपण मरू. चुलता म्हणाला, गप चाल, दम जातोय. खिंड उतरताना माना इतक्या मोडल्या की त्यानं काहील सरळ उताराला सोडून दिली. ती दगडांवर आपटत, घणघण वाजत खाली गेली आणि आम्ही तिघंही हसलो. लई दिवसांनी हसलो होतो.

तलावापाशी आल्यावर हसणं थांबलं. काठाची भेगाळलेली जमीन ओलांडली की मऊ गाळ लागायचा आणि त्यापुढं पाणी. पाणी पसरलेलं बरंच दिसत होतं. मासे तलावाच्या भिंतीकडं गोळा झालेले, आणि भिंतीकडं दोन पुरुस पाणी असतं हे आम्ही भोयांकडून ऐकून होतो. दोन पुरुस म्हणजे एका माणसाच्या खांद्यावर दुसरा उभा केला तरी वरचा बुडेल एवढं.

आण्णा एकटेच बसले. फळी मारली तशी काहील जागच्या जागी जात्यासारखी फिरायला लागली. दोन्हीकडून मारायला दोन माणसं हवीत हे तिथं कळलं. चुलता अंगानं आडवा, त्याचा भार झेपला नसता. मी सलवार खोचली आणि आत जाऊन बसले. चुलता ओरडला, "पोरीला कावून नेतो?" आण्णांनीही उतर म्हणून सांगितलं. मी उतरले नाही. त्यांना एकट्याला त्या पाण्यावर सोडून मी काठावर बघत बसणार होते की काय?

कडीला चऱ्हाट बांधलं होतं, त्याचं दुसरं टोक चुलत्याच्या हातात. तेवढाच काय तो जिवाला आधार. आम्ही मारत निघालो. काहील एकदा इकडं झुकायची, एकदा तिकडं, आणि मी श्वाससुद्धा जपून घेत होते. भिंत अजून लांब होती तेव्हा मागून चुलत्याची हाक आली.

"दादा, चऱ्हाट संपलं."

"सोड," आण्णा म्हणाले.

तो सोडेना. आण्णांनी पुन्हा सांगितलं. मग चऱ्हाट पाण्यावर सैल पडलं आणि आमच्यामागं ओढत येऊ लागलं. मला परत फिरा म्हणायचं होतं, पण मी मारत राहिले.

भिंतीजवळ आण्णांनी जाळं सोडलं, थांबले, ओढायला लागले. जाळं जड लागलं. चंदेरी पाठी दिसल्या तसा त्यांचा चेहरा फुलला. तेवढ्यात माझे पाय गार झाले. खाली बघितलं तर तळात पाणी. दगडांवर आपटून काहिलीला चीर गेली होती आणि आम्ही तिच्यावर हसलो होतो. मी ओंजळीनं उपसायला लागले. उपसलं त्याच्या दुप्पट आत येत होतं. काठ पाण्याला टेकायला वीतभरच उरला.

"आण्णा, जाळं सोडा," मी म्हणाले. त्यांनी सोडलं. तरी काहील खाली जातच होती. त्यांनी एकदा काठाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. धोपाटणं माझ्या मांडीवर ठेवलं.

"हलू नको. काकाकडं बघ अन् मारत ऱ्हा."

मी चुलत्याकडं बघितलं. काहील एकदम डुचमळली आणि वर उचलली गेली. वळून बघते तर आण्णा आत नव्हते.

मी धोपाटणं घट्ट धरून पाण्याकडं बघत राहिले. पलीकडं चुलता बोंबलत पाण्याकडं धावला आणि मांडीपर्यंत गाळात रुतून बसला. मग बुडबुडे आले, मग आण्णांचं डोकं. ते खोकत, धडपडत वर आले आणि उभे राहिले. उभे राहिले! पाणी त्यांच्या छातीला होतं.

वर्षानुवर्षं डोंगरावरून वाहून आलेल्या गाळानं तलाव भरून गेला होता. वरून पाणी पसरलेलं दिसे, खाली खोली काहीच नव्हती. आण्णांनी स्वतःच्या छातीकडं बघितलं, पाण्यावर हात ठेवला. हे केवढं पाणी आणि किती दिवसांचं, ते त्यांना तिथंच कळलं असणार. एका हातात काहिलीची कडी धरली, दुसऱ्या हातात जाळ्याची दोरी, आणि गाळातून पाय उपसत मला काठापर्यंत ओढत नेलं. मी आत बसून भोकाड पसरलं होतं. कॉलेजातली मुलगी, पण लाज वाटली नाही.

चुलत्याला बाहेर काढलं, सापडले तेवढे मासे ओल्या पोत्यात भरले. काहील मालकाला परत द्यायची म्हणून पुन्हा डोक्यावर घेतली. खिंडीत टेकलो तेव्हा मला राहवेना. मी विचारलं, आण्णा, पाणी छातीएवढंच हाय, हे तुमाला म्हाईत होतं ना?

ते सदरा पिळत होते. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं मी काही वेड्यासारखंच बोलले.

"म्हाईत असतं तर आधीच उतरलो नसतो का?" ते म्हणाले, आणि काहिलीखाली डोकं घातलं.