बशीखालचा चहा

बँकवाले काका वर्षानुवर्षं आमच्याकडे येत होते, पण गरम चहा त्यांनी कधी घेतला नाही. कप समोर आला की त्यावर बशी झाकायची आणि म्हणायचं, "आधी काम." काम संपेपर्यंत चहावर साय धरलेली असे. पुन्हा गरम करून देते म्हटलं, तर "राहू दे गं, गॅस कशाला जाळतेस?" म्हणत ते एका दमात कप रिकामा करत.

बँकेच्या बदलीने ते कोलकात्यात आले आणि निवृत्तीनंतरही इथेच राहिले. ओळखीच्या मराठी घरातलं मूल शिकायला बाहेर निघालं, की कर्जाचे कागद दाखवायला आईबाप काकांना बोलवत. काका आधी आईबापांनाच खोलीबाहेर काढत. मग मुलाने आपलं कर्ज त्यांना मराठीत समजावून सांगायचं. इथे वाढलेल्या मुलांच्या मराठीत अर्धं हिंदी आणि चवीला बंगाली. ते त्यांना चालायचं, सुटे इंग्रजी शब्दही; सगळं इंग्रजीत सांगणं मात्र नाही. "इंग्रजीत न समजताही बोलता येतं," असं ते म्हणत.

आमच्या मुक्ताचा जन्म अमेरिकेतला. तिच्या बाबांची नोकरी तेव्हा तिकडे होती. त्यामुळे तिथली नागरिक म्हणून तिला तिथल्या सरकारचं विद्यार्थी-कर्ज मिळणार होतं. प्रवेश तिथल्याच दोन विद्यापीठांत मिळाला होता. एक नावाजलेलं, दुसरं लहान, पण बरीच फी माफ करणारं. नावाजलेल्याचं मी सगळ्यांना सांगूनही टाकलं होतं. रंगीत चिठ्ठ्या लावलेली फाइल तयार होती. काकांनी तिच्यावर नुसती नजर टाकायची, एवढीच माझी अपेक्षा.

त्यांनी फाइल उघडलीच नाही. कपावर बशी ठेवली. "अमेरिकेच्या सरकारचं मला काही कळत नाही. मुक्ता, तू सांग."

"काका, दोन टाइपचे लोन आहेत. एकात मी शिकते तोपर्यंत व्याज सरकार भरते."

"आणि दुसऱ्यात?"

"दुसऱ्यात पहिल्या दिवसापासून..." मी स्वयंपाकघरातून सुरुवात केली.

"मेघना, तू जरा एस्प्लनेडच्या बाजारात जाऊन ये."

"आत्ता? कशाला?"

"कशालाही. मोजे आण."

मी गॅलरीत गेले. तिथूनही ऐकू येत होतं.

"दुसऱ्यात व्याज लगेच चालू होते," मुक्ता थांबत थांबत म्हणाली. "मी क्लासमध्ये बसली आहे आणि ते वाढत आहे. मी झोपली, तरी वाढत आहे." मग ती म्हणाली, "काका, मोठ्या युनिव्हर्सिटीला हे दुसरं पण पूर्ण घ्यावं लागेल. छोटीला पहिलंच पुरतं. सब्जेक्ट तर सेम आहे."

"मग?"

"आईने सगळ्यांना सांगितलंय."

"आईचं आई बघेल. फेडणार कोण?"

"मी."

"मग बोल."

"मला छोटीत जायचंय."

बशी काढल्याचा आवाज आला. मी तरातरा आत गेले. "काका, अहो, तिला काहीतरी सांगा!"

"मी कधी कोणाला काही सांगितलंय? मी विचारतो," ते म्हणाले. मिशीला साय लागली होती.

मुक्ताने दुसऱ्या दिवशी लहान विद्यापीठाला होकार कळवला. मी चार दिवस घरात कामापुरतंच बोलले. मग विमानाच्या सामानाची यादी करायला बसले.

गेल्या हिवाळ्यात काका कायमचे नागपूरला मुलीकडे निघाले. हावड्याला पोचवायला मी थर्मास घेऊन गेले. आम्ही फलाटावर असतानाच नोकरीला लागलेल्या मुक्ताने तिकडून व्हिडिओ कॉल केला. "काका, हप्ते सुरू झाले. माझे मीच भरते."

"आणि व्याज?"

"चालू आहे. पण किती, ते मला पाठ आहे."

काका खिडकीशी जाऊन बसले. थर्मासच्या झाकणात चहा ओतून मी त्यांच्या हातात दिला. सवयीने त्यांचा दुसरा हात बशी शोधत उठला आणि तसाच मांडीवर आला. "आता कसलं काम राहिलंय," म्हणून त्यांनी वाफाळता घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"मेघना, साखर फार घालतेस गं. गार चहात इतकी कळायची नाही."

तेवढ्यात गाडी हलली. झाकण त्यांच्या हातातच गेलं. थर्मास मी उघडाच घरी आणला.