अप्पांची बरोबरची खूण

आमच्या चुलत्यांना गेवराईचा सारा मोंढा अप्पा म्हणायचा. या माणसानं उभ्या आयुष्यात कुणाला 'नाही' म्हटलं नव्हतं. नळाचं कनेक्शन पाहिजे? झालं समजा. पोराला कुठंतरी चिकटवायचंय? झालं समजा. एकानं गंमत म्हणून विचारलं, अप्पा, गोदावरी जरा आमच्या शेताकडून वळवता येईल का? अप्पांनी फक्त "कोणत्या बांधापासून?" एवढंच विचारलं. मी तिथंच उभा होतो. नदी काही वळली नाही, पण तो गडी महिनाभर विहिरीचं काम थांबवून बसला होता.

कामं व्हायचीच नाहीत असं नाही. त्याची रीत वेगळी होती. "झालं समजा" ऐकून गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचा, चहा प्यायचा, हळूच आठवण द्यायचा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. असे पाच-सात हेलपाटे झाले की अप्पा वैतागून टोपी चढवायचे आणि काम करूनच परत यायचे. मोंढ्यातल्या आमच्या आडतीच्या दुकानात कापसापेक्षा हेलपाटेवालेच जास्त, आणि चहावाल्यानं तेवढ्यावर माडी बांधली. हे मी वाढवून सांगतोय असं कुणाला वाटलं तर त्यानं माडी बघून यावी.

नव्वदीच्या अखेरीला गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास उघडले, तेव्हा मी औरंगाबादहून एक कोर्स करून आलो. दोन पोरांचा बाप होतो, पण मोंढ्यात एकदम शास्त्रज्ञ झालो. आडतीवर कॉम्प्युटर आला. नारळ फुटला, अप्पांनी आपल्या कपाळावरचं थोडं भस्म पडद्याला लावलं. बघायला एवढी गर्दी, की नारायणगडच्या जत्रेतले पाळणेवाले धंदा सोडून इकडं आले. निदान एक तरी आला होता.

हिशेबाचं सॉफ्टवेअर अप्पांना आवडलं नाही. त्यांना आवडली ती कोर्सच्या सीडीतून आलेली एक चिमुकली गोष्ट. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात कॅलेंडरचं एक पान चिकटून बसायचं. त्याखाली त्या दिवसाची कामं, प्रत्येक कामापुढं एक चौकोन. वेळ झाली की घंटी वाजायची आणि काम पुढ्यात यायचं. काम उरकलं की चौकोनात बरोबरची खूण करायची. मग 'टुंग' असा आवाज होऊन ती ओळ निघून जायची.

त्या 'टुंग'नं अप्पांना वेड लावलं. माऊस ते विंचू धरल्यासारखा दोन बोटांत धरायचे, पण नेम चुकायचा नाही. समोरचा माणूस काम सांगतोय, मी टाईप करतोय, आणि माझं बोट उचलायच्या आत अप्पा खूण करून मोकळे. टुंग.

"अप्पा, काम झाल्यावर खूण करायची असती."

"मी झालं म्हनलं म्हंजे झालं. ह्ये यंत्र माझ्यापेक्षा मोठं हाय का बे?"

समोरचा माणूस पडद्याकडं बघायचा. ओळ गेली. अप्पांचं तोंड एक वेळ खोटं बोलेल, पण मशीन कशाला खोटं बोलेल? तो नमस्कार करून घरी जायचा आणि परत यायचाच नाही. आडतीवर शांतता पसरली. चहावाला मला शिव्या देऊ लागला.

अशात एका मंगळवारी आत्या आली, लेकीला घेऊन. आत्या म्हणजे अप्पांची धाकटी बहीण, गेवराईजवळच्याच एका गावात दिलेली. लेकीसाठी आष्टीचं स्थळ अप्पांनीच आणलं होतं. पसंती झाली होती, रविवारी सुपारी फुटायची होती. आणि मधेच लेकीला बीडला नर्सिंगला प्रवेश मिळाला.

"दादा, मानसं चांगली हायेत," आत्या म्हणाली. "पर दोन वर्सं थांबा म्हनावं. पोरीला शिकू द्या. ह्यांच्या तोंडातून तर शब्द फुटत न्हाई. तू मधला हायेस, तूच जाऊन बोल."

असली गोष्ट फोनवर बोलत नसतात. जाऊन, पायरीवर चपला काढून, बसून बोलावी लागते. आणि सुपारीच्या आधी बोलावी लागते, कारण एकदा सुपारी फुटली की बीडचा प्रवेश गेला. हे लेकीला आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं. ती नुसती पदराला पीळ घालत होती.

मी टाईप केलं: गुरुवार, आष्टीला जाणे, दोन वर्षं थांबण्याचं बोलणे.

"झालं समज," अप्पा म्हणाले. टुंग.

लेक पुढं वाकून पडद्याकडं बघत राहिली. "मामा, खरंच झालं?"

"अगं, दिसत न्हाई का तुला? गेलं की काम!"

ती एवढी हसली की मीही काही बोललो नाही. गुरुवारी घंटी वाजली नाही. झालेल्या कामाची घंटी कशाला वाजेल? आत्या परत विचारायला आली नाही. एरवी तिनं पाच दिवसांत आठ चकरा मारल्या असत्या.

रविवारी सकाळी अप्पांनी पडद्याकडं बघून आळस दिला. "आज काय न्हाई बे. पाटी कोरी हाय."

तेवढ्यात आष्टीची जीप दारात उभी राहिली. आत माणसं, टपावर माणसं, मागं लोंबकळणारी माणसं. त्या जीपमधून निम्मी आष्टी उतरली आणि उरलेली निम्मी जागा नाही म्हणून घरी राहिली असावी. पुढं मुलाचे वडील, हातात नारळ, खडीसाखर, सुपारीचं ताट. मधल्या माणसाला घेऊनच मुलीच्या घरी जायचं, ही रीत.

"चला अप्पा, उठा! आमी येळेवर आलोत."

अप्पांचा चेहरा सरकीसारखा पांढरा पडला. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी कीबोर्डकडं. त्या घडीला त्यांनी नुसतं उठून जीपमध्ये बसायचा अवकाश होता. सगळे खूश झाले असते. सुपारी फुटली असती, भावाचं तोंड बघून आत्याही गप्प बसली असती. अप्पांनी टोपी चढवली.

मग त्यांनी मुलाच्या वडिलांचा हात धरला आणि त्यांना आत गोदामात नेलं. मी मागोमाग चहा घेऊन गेलो. दोघं सरकीच्या पोत्यांवर बसले होते.

"पावनं, मला बेस्तरवारी तुमच्याकडं यायचं व्हतं," अप्पा म्हणाले. "न्हाई आलो. पोरीला बीडला शिकायचंय. दोन वर्सं लागतील. आज सुपारी फोडता येनार न्हाई."

'नाही'. मी कप खाली ठेवायचा विसरलो.

पाहुण्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "मग आमाला कावून आनवलं एवढ्या लांब? ही जीपभर मानसं?"

"चुकी माझी हाय. पोरीची न्हाई, तिच्या आईबापाची न्हाई."

"आमच्या पोराच्या आज्याचं काय खरं न्हाई. त्येच्या डोळ्यांदेखत लगीन करायचंय. दोन वर्सं आमाला जमनार न्हाई, अप्पा."

"मग तुमी दुसरीकडं बघा," अप्पा म्हणाले. आवाज एवढा खाली, की हा माणूस मोंढ्यातून हाक मारून शहागडच्या पुलावरचा ट्रक थांबवतो हे कुणाला खरं वाटलं नसतं.

पाहुण्यांनी चहा बशीत ओतला, फुंकर मारून प्यायले. "आलोच हाव तर जेवून जातो. ताट जीपमधीच ऱ्हाऊ द्या."

आत्याच्या घरी सगळे सुपारी पुढं गेली असंच धरून बसले होते, म्हणून सगळी आष्टी आमच्याच घरी पिठलं-भाकरी जेवली. काकूनं भाकरी थापता थापता अप्पांना जे सुनावलं ते कागदावर उतरवलं तर कागद पेट घेईल. आष्टीच्या मुलाचं दिवाळीनंतर दुसरीकडं लग्न झालं. अप्पा त्या लग्नाला गेले, आहेर घेऊन, न बोलावता.

पण त्याआधी, त्या रविवारनंतरच्या सोमवारी, बीडच्या एसटीत लेक खिडकीशी बसली होती. आत्या खाली उभी राहून रडत होती. अप्पांनी हमालाला बाजूला सारून ट्रंक स्वतः शिडीवरून टपावर नेली आणि घामाघूम होऊन खाली आले.

"बांधली बघ ट्रंक. घट बांधली."

लेक जागेवरून उठली. गाडीतून उतरली, साडी खोचली, मागच्या शिडीनं टपावर चढली आणि दोरीची गाठ दोनदा ओढून बघितली. कंडक्टर शिट्ट्या मारत होता. अप्पा मान वर करून बघत होते.

"बरोबर हाय, मामा," ती वरून म्हणाली, आणि मग खाली उतरली.