वाचनकक्षातला मातीचा अंगठा

भूतखेत, चकवा वगैरे मी कधीच मानलं नाही. आजही मानत नाही. पण माझं लायब्ररी कार्ड रद्द झालंय, तेही न केलेल्या गुन्ह्यासाठी — म्हणून हे लिहितेय!

मी शहापूरजवळच्या शेणव्याची. भातशेतीच्या जुन्या जपानी चित्रपुस्तकांवर पीएच.डी. करतेय. ती पुस्तकं मुंबईतल्या एका ग्रंथालयाच्या पूर्व आशियाई विशेष संग्रहात आहेत. तिथले नियम कडक. बॅग बाहेर, पेन बंद, हात धुऊन कोरडे करायचे, चिठ्ठी भरून एका वेळी एकच पुस्तक घ्यायचं. दोन वर्षांत मी एकही नियम मोडलेला नाही.

गेल्या आषाढात, मंगळवारी, घरी आवणी होती. दिवसभर आईशेजारी चिखलात वाकून भात लावला... तोंडाचा पट्टा चालूच. गाइडच्या कटकटीपासून कँटीनच्या चहापर्यंत सगळं तिला सांगितलं.

बुधवारी लायब्ररीत गेले, तर काउंटरवरच्या मॅडम कडाडल्या, "काल माझ्यासमोर बसून मातीच्या हातांनी पुस्तक हाताळलंत? तुम्ही गेल्यावर पान पाहिलं मी!"

काल? मी? त्यांनी मंगळवारची चिठ्ठी पुढे केली. अक्षर माझं, सही माझी. पुस्तक उघडलं. आवणी करणाऱ्या बायकांच्या चित्राखाली मातीचा अंगठा उमटलेला... माझं डोकंच फिरलं. गावची मुलगी म्हटली की मातीचे हात तिचेच, नाही का?

गुरुवारी साक्षीला थेट आईलाच नेलं.

"माजी पोर मंगळवारी दिसभर माज्या बाजूला होती," आईनं ठणकावलं. "आमी खोटं बोलत नाय."

मॅडमनी पान दाखवलं. आई बराच वेळ वाकून बघत राहिली.

"आंगठा मात्र हिचाच हाय," ती म्हणाली. "ह्यो व्रण बगा. इळा लागला तवा मीच हळद दाबलेली."

झालं! कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ! कार्ड तिथल्या तिथे रद्द. माझं शेवटचं प्रकरण त्याच पुस्तकावर आहे, ते आता कुठून लिहू?

बाहेर पायऱ्यांवर मी आईवर भडकले. "साक्ष द्यायला आणलं होतं ना तुला?"

"खोटं कसं बोलू गो?" आई म्हणाली. "आन तू तरी... मंगळवारी दिसभर एक शबुद बोल्ली नायस. मी हाका मारून दमले. वाटलं, माज्यावर रागावलीस."

मी तर दिवसभर बोलत होते...

कार्ड परत मिळावं म्हणून अर्ज आणलाय. न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा मी का भोगायची? सगळे रकाने रागारागात भरून टाकले. 'घटनेच्या दिवशी आपण कुठे होतात?' एवढा एकच अजून कोरा आहे.