निवांतच्या विरुद्ध काय?

मंडळी, सकाळी इथेच मी मोठ्या ऐटीत लिहिलं की 'निवांत' हा शब्द 'निवात'वरून आला, म्हणजे वारा नसलेली जागा. तुम्ही विरुद्धार्थी शब्द विचारलात.

तेवढ्यात माझी बायको सुमन दुखरा गुडघा धरत गच्चीवरून खाली आली. करंजा बंदरावरून आणलेल्या सुक्या बोंबलांना ऊन दाखवायला ठेवलं होतं आणि कावळे हाकलायचं काम माझं होतं. "जातो गं," म्हणत मी मोबाईलमध्येच रमलो होतो, म्हणून शेवटी तीच वर गेली होती.

तिलाच विचारलं, "निवांतच्या विरुद्ध काय गं?"

"सुमन लिहा," म्हणाली आणि दारातच बसली.

मला हसूही येईना. माझ्या वाट्याचा वारा ती अंगावर घेते, म्हणून मी निवांत. आता गच्चीवर बोंबलांपाशी बसून लिहितोय. तुमच्या घरी वाऱ्याच्या बाजूला कोण उभं असतं हो?