मदाऱ्याची माकडीण आणि क्लोरोफॉर्म

आमचे हे वाशीमला ढोरांचे डॉक्टर होते. बैलाला दोरखंडानं पाडायचं, चौघांनी दाबून धरायचं आणि कापायचं, एवढीच त्यांची शस्त्रक्रिया. मुक्या जनावराला फारसं दुखत नाही, असं ते म्हणत. जेवताना स्वतःची जीभ चावली की मात्र दिवसभर घर डोक्यावर घेत.

एका सकाळी एक मदारी आपली माकडीण घेऊन आला. कुत्रं चावून तिचं बोट सडलं होतं. बोट काढलं नाही तर ती जगणार नाही, असं सांगून यांनी लगेच दोर मागवला. मदारी पायाच पडला. त्याला ना बायको, ना लेकरू; हिलाच तो बेटी म्हणायचा. मला राहवलं नाही. दारातूनच म्हटलं, "कपाटात क्लोरोफॉर्म हाये ना? का कलेक्टर साहेबाच्या घोड्यासाठीच राखून ठेवला?"

यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच त्या माकडिणीला चावले होते. पण बाटली काढली. कंपाउंडर पोहरादेवीच्या जत्रेला पळालेला. त्यामुळे चहाच्या गाळणीवर फडकं बांधून थेंब टाकायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मदाऱ्याचं रडणं थांबेना, म्हणून त्याला बाहेर बसवलं.

फडकं नाकाजवळ नेलं मात्र, माकडीण आडवी. हातपाय ताठ, डोळे मिटलेले.

"पाह्य, याले म्हंतात डोस," असं म्हणत यांनी चाकू टेकवला. तशी ती यांच्या अंगठ्याला कडकडून चावली आणि कपाटावर जाऊन बसली. आमचे हे टेबलाखाली.

आरडाओरडा ऐकून मदारी आत आला आणि त्यानं कपाळावर हात मारला. "साहेब, तोंडावर फडकं आलं का मरून पडाचं, हे म्याच शिकवलं तिले. खेळात शेवटी तेच दाखवतो."

दुसऱ्या खेपेला त्यालाच तिला मांडीवर घेऊन बसवलं. मी थेंब टाकत राहिले. पापणीला कापूस लावला तरी ती हलेना, तेव्हा कुठे यांनी हात लावला. बोट निघालं, टाके पडले. पण तिचा श्वास इतका मंदावला की यांनी वाकून तिच्या छातीला कान लावला.

मदारी खेळातल्यासारख्या हाका मारू लागला. ती उठेना. मला रडू कोसळलं. थेंब मी टाकले होते. शेवटी तो तिच्या कानाशी वाकला. "ऊठ वं माय. अल्लाची कसम, पुन्हा नाही सांगत तुले मराले."

बऱ्याच वेळानं ती ओकली, तीही नेमकी यांच्या पँटवर. मग हात छातीशी धरून कण्हू लागली. हे ओरडले नाहीत. नीट शुद्धीवर येईपर्यंत तिच्याजवळच उभे राहिले. मग आपल्या अंगठ्यासाठी काढून ठेवलेली गोळी त्यांनी घेतली, तिचा चतकोर तुकडा मोडला, गुळात दाबला आणि माकडिणीपुढे धरला.

"दुखत असन तिले," ते माझ्याकडे न बघता म्हणाले.