मानाच्या क्रमाने कर्ज

फोंडाघाट उतरून एस. टी. कट्टा गावाला पोचली तेव्हा अंगावर घाम आणि धूळ सारखीच साचली होती. मला जायचे होते खाडीपलीकडच्या गावी. तिथल्या सहकारी पतपेढीत कधी भांडण होत नाही, असे आम्ही कोल्हापूरच्या सहकार प्रचारकांनी आमच्या पत्रकात मोठ्या अभिमानाने छापले होते. ते डोळ्यांनी पाहायचे होते.

खाडीवर होडी सुंदराबाई चालवत होत्या. नवरा अंथरुणाला खिळल्यापासून उतारूंची ने-आण त्यांच्याच हाती. मधोमध आलो आणि माझ्या वहाणा तरंगू लागल्या. बाईंनी करवंटी पुढे टाकली.

"उपस रे झिला. नुसतो बसान काय करतलस?"

तळाची फळी कुजली होती. पावसाळ्यातल्या पाण्याच्या ओढीला ही होडी टिकणार नव्हती. फळीसाठी कर्ज मागायला त्याही पेढीच्या सभेलाच निघाल्या होत्या.

सभा देवळाच्या मंडपात होती. भात, सोलकढी, भाजलेला बांगडा असे जेवण झाले आणि चिटणीस अर्ज वाचू लागले. पहिले कर्ज जत्रेत पहिला नारळ मिळणाऱ्या मानकऱ्यांना, नव्या पडवीसाठी. हेच पेढीचे अध्यक्ष. दुसरे कर्ज दुसऱ्या मानाच्या घराला, लग्नासाठी. मी चकित होऊन शेजाऱ्याला कारण विचारले.

"देवळात जो क्रम, तोच हय," तो म्हणाला. "मगे भांडाण होयत कशाक?"

सुंदराबाईंचे घर क्रमात शेवटचे. पाहुणा म्हणून मला दोन शब्द बोलायला सांगितले, तेव्हा मी म्हणालो, "गरज पाहून कर्ज द्या. कायद्याने प्रत्येक सभासदाला एक मत आहे. ते घ्या."

अध्यक्ष रागावले नाहीत. "घेऊ की. जुनीच रीत राहावी असे वाटणाऱ्यांनी हात वर करावेत."

सगळे हात वर गेले. त्यांत सुंदराबाईंचाही होता. त्यांचा अर्ज आला तेव्हा पैसे संपले होते.

परतताना मी होडीत विचारले, "बाई, तुम्हीसुद्धा हात वर केलात?"

"माझ्या अर्जार जामीन कोण रवतलो? तू?" त्यांनी वल्हे मारले. "तेच मानकरी रवतत. सगळ्यांसमोर तेंच्या विरुद्ध जाव? तू आता कोल्हापुराक जातलस. माका हयच रवाचा आसा."

"पण कायदा..."

"उपस. पाणी चढता."

मी उपसत राहिलो.

घाट चढणाऱ्या गाडीत वहाणा ओल्याच होत्या. जिथे अध्यक्ष आणि जामीन एकच माणूस, आणि मत त्याच्या डोळ्यांदेखत द्यायचे, तिथे भांडण होणार कसे? त्या शांततेचे आम्ही कौतुक छापले. पुढच्या पत्रकात ते मागे घेणार आहे, गुप्त मतदानाची मागणीही करणार आहे. पण ते छापून गावात पोचेपर्यंत पाऊस लागलेला असेल, आणि बाई त्याच फळीवर उभ्या राहून माणसे पार करत असतील.